विषाणू तपशिलात: कवच, वर्गीकरण आणि पेशीतली वाढ

रानजाई (धागाकर्ती)

विषाणूंबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुतेक आजाराच्या बाजूने असतं. कण कसा बांधलेला असतो, त्याला कुठल्या कुळात घालायचं आणि पेशीत शिरल्यावर तो काय काय करतो, हे एका जागी सापडत नाही. म्हणून हा धागा. सुरुवात मी करते, जाणकारांनी भर घालावी. लक्षणं आणि औषधोपचारांसाठी कृपया वेगळा धागा काढा, नाहीतर इथला विषय लगेच तिकडे वाहवत जाईल.

विषाणूची सगळी बांधणी एका अडचणीतून समजते: त्याच्याकडे मजकूर लिहायला जागा फार थोडी. ई. कोलाय जिवाणूचा जीनोम (सगळी आनुवंशिक माहिती) सुमारे ४६ लाख बेस-जोड्यांचा. पोलिओ विषाणूचा साधारण ७,५०० बेसचा, हिपॅटायटिस बीचा जेमतेम ३,२०० चा. एवढ्यात कवच, पेशीत शिरायची सोय आणि स्वतःच्या नकला काढायची तजवीज, सगळं बसवायचं.

हिशोब करून बघा. एक अमिनो आम्ल सांगायला तीन बेस लागतात. तीन बेसचं वजन साधारण १,००० डाल्टन (रेणूंच्या वजनाचं एकक), एका अमिनो आम्लाचं सरासरी ११०. म्हणजे जीनोम स्वतःच्या वजनाच्या फार तर नवव्या हिश्शाइतक्या प्रथिनाचा मजकूर बाळगू शकतो. पण तंबाखूच्या मोझॅक विषाणूत, म्हणजे टीएमव्हीत, वजनाने ९५ टक्के प्रथिन आणि फक्त ५ टक्के आरएनए असतो! हे जमतं कारण १५८ अमिनो आम्लांचं एकच प्रथिन तिथे सुमारे २,१३० वेळा वापरलेलं आहे. त्याला मजकूर लागला ४७४ बेसचा. तितकीच प्रथिनं वेगवेगळी लिहायची तर दहा लाखांवर बेस लागले असते, आणि टीएमव्हीचा अख्खा जीनोम ६,४०० चा आहे. क्रिक आणि वॉटसन यांनी १९५६ मध्ये हाच तर्क मांडला होता: छोट्या विषाणूचं कवच एकसारख्या तुकड्यांचंच असणार. आणि एकसारखे तुकडे एकसारख्या पद्धतीने जोडत गेलं की सममिती आपोआप येते.

सममिती मुख्यतः दोन तऱ्हांची. पहिली सर्पिल. टीएमव्हीची कांडी ३०० नॅनोमीटर लांब, १८ नॅनोमीटर जाड. एका वेढ्यात १६⅓ प्रथिनं, आणि आरएनए त्या वेढ्यांच्या मधल्या खाचेतून फिरत जातो. कांडीची लांबी आरएनएच्या लांबीवर ठरते. फ्रेंकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी १९५५ मध्ये सुटा आरएनए आणि सुटं प्रथिन एकत्र करून संसर्गक्षम टीएमव्ही पुन्हा उभा केला. बाहेरचा कुणी कारागीर लागत नाही, हे त्या दिवशी पक्कं झालं.

दुसरी तऱ्हा वीस त्रिकोणी पृष्ठांची, आयकोसाहेड्रल. त्याबद्दल षट्कोन यांनी लिहावं.

काही विषाणूंना कवचाबाहेर पेशीकडूनच घेतलेलं मेदाचं आवरण असतं, आणि त्यात विषाणूची ग्लायकोप्रथिनं रोवलेली असतात. आणखी एक भेद सुरुवातीलाच लक्षात ठेवलेला बरा. पेशीबाहेरच्या तयार कणाला व्हिरिऑन म्हणतात. पेशीत शिरल्यावर हा कण सुटा होतो आणि काही काळ पेशी फोडून शोधलं तरी एकही संसर्गक्षम कण सापडत नाही. विषाणू तिथेच असतो, व्हिरिऑन नसतो. या काळाला इक्लिप्स म्हणतात आणि पुढचं बरंच काही त्यावर अवलंबून आहे.

---

षट्कोन

घेतो.

आयकोसाहेड्रनमध्ये एकसारख्या जागा ६० असतात. म्हणून सगळ्यात साधं कवच ६० प्रथिनांचं. पार्व्होव्हायरस त्यातला, व्यास २५ नॅनोमीटरच्या आसपास. मोठा जीनोम मावण्यासाठी कवच मोठं हवं, पण एकसारख्या जागा ६० च्या वर नेता येत नाहीत. कॅस्पर आणि क्लुग यांनी १९६२ मध्ये तोडगा दाखवला: जागा तंतोतंत सारख्या नसल्या तरी चालतं, जवळपास सारख्या असल्या की पुरे. प्रथिन थोडं वाकतं आणि पाचांच्या गटातही (पंचक) बसतं, सहांच्या गटातही (षटक).

यातून टी-अंक येतो. टी = एच² + एचके + के², जिथे एच आणि के शून्य किंवा धन पूर्णांक. एका पंचकापासून शेजारच्या पंचकापर्यंत जाताना किती पावलं सरळ आणि किती वळून, ते हे दोन आकडे. त्यामुळे टी १, ३, ४, ७, ९, १२, १३, १६ असा उड्या मारत जातो; टी = ५ होऊच शकत नाही. प्रथिनं ६० × टी, पंचकं नेहमी १२, षटकं १० × (टी − १). हिपॅटायटिस बीच्या गाभ्यात टी = ४, म्हणजे २४० प्रथिनं. हर्पिसमध्ये टी = १६, म्हणजे १५० षटकं. पंचकं मात्र ११, कारण बाराव्या टोकाला डीएनए आत ढकलण्याचं दार असतं.

परीक्षेत लोक इथे अडकतात. सूत्र पाठ असतं, अपवाद माहीत नसतात. तीन तरी लक्षात ठेवा:

पॅपिलोमा विषाणूचा टी = ७. सूत्राने ४२० प्रथिनं यायला हवीत, असतात ३६०. सगळी ७२ ठिकाणं पंचकांचीच आहेत. षटकाच्या जागीही पंचकच बसवलेलं.

अ‍ॅडेनोव्हायरस टी = २५ धरतात, पण ते आभासी. षटकाच्या २४० जागी प्रत्यक्षात तीन-तीन प्रथिनांचे हेक्सॉन आहेत. प्रत्येक प्रथिनात दोन सारखे भाग असल्यामुळे तिघे मिळून षटकाची जागा भरतात.

पोलिओत व्हीपी१, व्हीपी२, व्हीपी३ ही तीन वेगळी प्रथिनं प्रत्येकी ६०, आणि आतून व्हीपी४. टी = ३ सारखं दिसतं, पण १८० जागांवर तीन निरनिराळी प्रथिनं असल्याने याला स्यूडो टी = ३ म्हणतात.

एचआयव्हीचं आतलं कवच तर गोलही नाही, शंकूसारखं आहे. तरी पंचकं १२ च: सात रुंद टोकाला, पाच अरुंद टोकाला. षटकांचा पत्रा बंद करायचा तर भूमिती बारा पंचकं मागतेच, आकार कुठलाही असो.

---

चष्मिष

मस्त धागा. एक शंका. मेदाचं जास्तीचं आवरण असलेला विषाणू अधिक टणक असायला हवा ना? मग जंतुनाशकांच्या तक्त्यात आवरणवाले विषाणू सर्वांत आधी मरणाऱ्यांच्या रांगेत का?

---

उंबरठा

आवरण हे चिलखत नाही, ती पेशीत शिरायची सोय आहे. शिरण्याची प्रथिनं त्या मेदात रोवलेली असतात. साबणाने किंवा अल्कोहोलने मेद विस्कटला की ती प्रथिनं गेली. आत जीनोम शाबूत असला तरी तो पेशीत नेणार कोण? बिनआवरणाच्या कणात हे काम घट्ट प्रथिनकवच करतं. त्याला साबण सुटं करू शकत नाही, फार तर हातावरून वाहून नेतो. म्हणून नोरोव्हायरस, अ‍ॅडेनोव्हायरस, पोलिओ, पार्व्हो यांच्यापुढे हात चोळायचं अल्कोहोल लंगडं पडतं.

प्रत्यक्षातल्या गोष्टी. अल्कोहोल ७० टक्क्यांच्या आसपास सर्वांत परिणामकारक. शुद्ध अल्कोहोल कमी पडतं, कारण प्रथिनांची घडी मोडायला पाणी लागतं. बिनआवरणाच्यांसाठी क्लोरीन. ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटचा १ भाग आणि पाण्याचे ४९ भाग म्हणजे ०.१ टक्का द्रावण. पृष्ठभाग आधी धुऊन घ्यायचा, कारण घाण, रक्त, विष्ठा यांच्यावरच क्लोरीन खर्च होतो. मग निदान ५ मिनिटं ओला राहू द्यायचा. लावलं आणि लगेच पुसलं तर काही उपयोग नाही. द्रावण रोजचं रोज बनवायचं, आणि आम्ल किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही, विषारी वायू सुटतो.

मात्र "आवरण आहे म्हणजे नाजूक" हा नियम डोळे मिटून लावू नका. हिपॅटायटिस बीला आवरण आहे आणि तो कोरड्या पृष्ठभागावर सात दिवसांनंतरही संसर्गक्षम राहू शकतो. देवीच्या कुळातले पॉक्सव्हायरस खपल्यांमध्ये त्याहून कितीतरी जास्त टिकतात.

---

रानजाई

आता वर्गीकरण. दोन पद्धती आहेत आणि त्यांचे प्रश्न वेगळे आहेत. त्यांची सरमिसळ झाली की गोंधळ होतो.

डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७१ मध्ये विचारलेला प्रश्न असा: या जीनोमपासून एमआरएनए, म्हणजे प्रथिनं बनवताना वाचली जाणारी प्रत, कोणत्या वाटेने तयार होतो? प्रथिनं बनवणारे रायबोझोम पेशीचे, आणि ते फक्त एमआरएनए वाचतात. विषाणू कोणताही असो, तिथवर पोहोचल्याशिवाय त्याचं पान हलत नाही. वाटा सात (मूळ मांडणीत सहा होत्या, सातवी नंतर आली).

पहिला गट दुपेडी डीएनएचा: हर्पिस, अ‍ॅडेनो, पॉक्स. पेशीची नेहमीचीच वाट. दुसरा एकपेडी डीएनएचा: पार्व्हो. आधी दुसरा पेड भरावा लागतो, ते काम पेशीच्या डीएनए पॉलिमरेजचं (नकला काढणारं विकर), आणि ते पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच हाताशी येतं. म्हणून पार्व्हो बी१९ रक्तपेशी घडवणाऱ्या, सतत विभागणाऱ्या पेशींत वाढतो. तिसरा दुपेडी आरएनएचा: रोटाव्हायरस, ११ तुकडे. चौथा पॉझिटिव्ह आरएनएचा: पोलिओ, डेंगी, कोरोना. इथे जीनोम हाच एमआरएनए. पाचवा निगेटिव्ह आरएनएचा, म्हणजे एमआरएनएला पूरक पेडाचा: इन्फ्लुएन्झा, गोवर, रेबीज. सहावा रेट्रोव्हायरसचा, आरएनएवरून डीएनए आणि मग पुन्हा आरएनए. सातवा हिपॅटायटिस बीचा, डीएनएवरून आरएनए आणि त्यावरून पुन्हा डीएनए.

या मांडणीतून एक कामाचा नियम निघतो. पेशीकडे आरएनएवरून लांबलचक आरएनए उतरवणारं पॉलिमरेज उपलब्ध नसतं. म्हणून निगेटिव्ह आरएनएवाल्यांना ते कणातच भरून आणावं लागतं. पोलिओचा नुसता शुद्ध आरएनए पेशीत सोडला तर नवे विषाणू तयार होतात. गोवराचा नुसता आरएनए सोडला तर काहीच होत नाही. रेट्रोव्हायरसचा जीनोम पॉझिटिव्ह असतो, तरी नुसता आरएनए पुरत नाही, कारण आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज कणाबरोबरच यावं लागतं. हे विकर १९७० मध्ये टेमिन-मिझुतानी आणि बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं.

रोटाव्हायरसची युक्ती तर खास आहे. दुपेडी आरएनए दिसला की पेशीचे पहारेकरी जागे होतात. म्हणून तो आपला जीनोम कधी उघड्यावर आणतच नाही. बाहेरचा थर तेवढा गळतो, आतल्या दुपदरी कणातच प्रती निघतात आणि फक्त एमआरएनए छिद्रांतून बाहेर पडतो.

---

अणुरेणू

बाल्टिमोर गट ही वंशावळ नाही, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. वंशाचा हिशोब आयसीटीव्ही ही आंतरराष्ट्रीय समिती ठेवते. तिच्या सध्याच्या मांडणीत सर्वांत वरची पातळी रेल्म, तिचा प्रत्यय -व्हिरिया. खाली सृष्टी, संघ, वर्ग, गण (-व्हिरालीज), कुल (-व्हिरिडी), प्रजाती (-व्हायरस) आणि जाती.

दोन्ही पद्धती एकमेकींवर ठेवून पाहा. हर्पिस आणि अ‍ॅडेनो दोघंही बाल्टिमोरच्या पहिल्या गटात, पण रेल्म वेगळे. हर्पिस ड्युप्लोडीएनएव्हिरियात, शेपटीवाल्या फाजांच्या (जिवाणूंमध्ये वाढणाऱ्या विषाणूंच्या) शेजारी, कारण दोघांच्या मुख्य कवचप्रथिनाची घडी एकच आहे. अ‍ॅडेनो व्हॅरिडीएनएव्हिरियात. उलट पॅपिलोमा दुपेडी आणि पार्व्हो एकपेडी, म्हणजे बाल्टिमोरचे गट दोन, पण दोघेही एकाच रेल्ममध्ये. आणि एचआयव्ही व हिपॅटायटिस बी, सहावा नि सातवा गट, रायबोव्हिरियाच्या एकाच सृष्टीत, कारण दोघांकडे एकाच घराण्यातलं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज. माणसाच्या यकृतातल्या हिपॅटायटिस बीला रायबोव्हिरियात पाहून पहिल्यांदा सगळेच दचकतात.

लिहिताना घ्यायची काळजी. विषाणूचं नाव आणि जातीचं नाव वेगळं असतं. २०२१ पासून जातीचं नाव दोन शब्दी: पहिला शब्द प्रजातीचा. रेबीज विषाणूची जाती लायसाव्हायरस रेबीज, गोवराची मॉर्बिलिव्हायरस होमिनिस, सार्स-कोव्ह-२ ची बीटाकोरोनाव्हायरस पँडेमिकम, तर एचआयव्ही-१ ची लेंटिव्हायरस ह्युमिमडेफ१. नमुन्यात सापडतो तो विषाणू. जाती हा वर्गीकरणाचा कप्पा आहे. "रुग्णात अमुक जाती आढळली" असं वाक्य शोधनिबंधात गेलं तर परीक्षक हमखास लाल शाई मारतो.

जुनी पुस्तकं वापरणाऱ्यांसाठी: मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी ही शेपटीच्या आकारावरून पाडलेली फाजांची कुळं आता रद्द झाली आहेत. जीनोम वाचल्यावर एकाच आकाराच्या शेपटीचे फाज एकमेकांपासून खूप दूरचे निघाले. टी४ आता स्ट्राबोव्हिरिडीत. "मायोव्हायरस" हा शब्द आकाराचं वर्णन म्हणून चालतो, कुळ म्हणून नाही.

---

चष्मिष

मग अभ्यासाला कुठली पद्धत धरायची?

---

अणुरेणू

विषाणू पेशीत काय करेल हे ओळखायचं असेल तर बाल्टिमोर. नात्यागोत्यासाठी आयसीटीव्ही. मला विचाराल तर बाल्टिमोर आधी. ते डोक्यात बसल्यावर दुसरं सोपं जातं.

---

उंबरठा

वाढीच्या पायऱ्या पुस्तकात सहा असतात: चिकटणं, शिरणं, उघडणं, नकला, जुळणी, सुटका. पायऱ्यांची नावं पाठ करण्यापेक्षा प्रत्येक ठिकाणी काय बिघडू शकतं ते पाहिलं तर जास्त कळतं.

चिकटणं. पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे विषाणू ज्याला चिकटतो तो रेणू, नसेल तर पुढचं सगळं फोल. पोलिओला सीडी१५५, सार्स-कोव्ह-२ ला एसीई२, इन्फ्लुएन्झाला सायलिक आम्ल, हिपॅटायटिस बीला यकृतपेशींवरचं एनटीसीपी. एचआयव्हीला सीडी४ आणि त्याखेरीज सीसीआर५ किंवा सीएक्ससीआर४. पण रिसेप्टर असला म्हणजे विषाणू वाढतोच असंही नाही, आत लागणारे बाकीचे घटक हवेत.

शिरणं. आवरणवाले मेदपटल एकजीव करून शिरतात. एचआयव्ही आणि गोवर हे पेशीच्या पृष्ठभागावरच करू शकतात. इन्फ्लुएन्झा आधी एन्डोसोम या पेशीतल्या पिशवीत जातो, तिथे पीएच ५ ते ५.५ पर्यंत उतरला की त्याचं हीमॅग्लुटिनिन हे आवरणातलं प्रथिन उलगडतं आणि पटलं जोडतं. त्यासाठी ते प्रथिन आधीच दोन तुकड्यांत कापलेलं लागतं. कापणारं विकर (प्रोटिएज) नसेल तर कण चिकटतो, आत जातो आणि तिथेच संपतो. म्हणूनच प्रयोगशाळेत अनेक इन्फ्लुएन्झा विषाणू वाढवताना माध्यमात ट्रिप्सिन घालावं लागतं आणि सीरम काढावं लागतं, कारण सीरममधले घटक ट्रिप्सिनला अडवतात. सीरम धुऊन न काढता ट्रिप्सिन घातलं आणि "विषाणू वाढतच नाही" म्हणून डोकं धरून बसलं, हे नेहमीचं.

उघडणं. इन्फ्लुएन्झात एम२ ही वाहिनी कणाच्या आत प्रोटॉन सोडते आणि आतले जीनोमचे आठ तुकडे सुटे होतात. अमँटाडीन इथेच अडवायचं, पण फक्त ए प्रकारात, आणि आता बहुतेक फिरत्या ए विषाणूंनी त्याला दाद देणं सोडलंय.

नकला. जागेबद्दलचा ढोबळ नियम: डीएनएवाले केंद्रकात, आरएनएवाले पेशीद्रवात. अपवाद प्रश्नपत्रिकेत हमखास येतात. पॉक्सव्हायरस डीएनएवाले असून पेशीद्रवात वाढतात, स्वतःचं आरएनए पॉलिमरेज घेऊन येतात. इन्फ्लुएन्झा आरएनएवाला असून केंद्रकात जातो, कारण त्याला पेशीच्या ताज्या एमआरएनएच्या टोप्या (सुरुवातीच्या टोकावरचा रासायनिक गट) चोरायच्या असतात: १० ते १३ बेसचा टोपीसकट तुकडा कापायचा आणि स्वतःच्या एमआरएनएच्या सुरुवातीला लावायचा. बॅलॉक्सव्हिर हे औषध त्या कापणाऱ्या घटकाला रोखतं.

पोलिओची कार्यपद्धती सगळ्यात स्वच्छ. जीनोमचं एकच सलग प्रथिन बनतं, सुमारे २,२०० अमिनो आम्लांचं, आणि त्याचे तुकडे विषाणूचीच प्रोटिएजेस पाडतात. त्यातलं २ए पेशीचा ईआयएफ४जी हा घटक कापतं. झालं, टोपीवाले एमआरएनए वाचणं मंदावलं. पोलिओच्या आरएनएला टोपी नाहीच. रायबोझोम त्याच्या आतल्या आयआरईएस या घडीवर थेट उतरतात. आठेक तासांत एक फेरी पूर्ण.

चुका. आरएनए पॉलिमरेज साधारण दहा हजार ते दहा लाख बेसमागे एक चूक करतं. पोलिओच्या लांबीला हे परवडतं. कोरोनाचा जीनोम ३०,००० च्या घरात, तिथे तपासनीस लागतो: एनएसपी१४ चुकीचा बेस काढून टाकतं. त्यामुळे चुकीचे बेस घुसवून मारणारी औषधं कोरोनावर वापरताना हा तपासनीस आडवा येतो.

एचआयव्ही आणि हिपॅटायटिस बी यांत लोक नेहमी गल्लत करतात. एचआयव्हीला आपला डीएनए पेशीच्या गुणसूत्रात जोडावाच लागतो. हिपॅटायटिस बीला नाही. त्याचा डीएनए केंद्रकात बंद वर्तुळ म्हणून स्वतंत्र राहतो, सीसीसीडीएनए, आणि त्यावरून आरएनए निघतात. गुणसूत्रात त्याचे तुकडे जोडलेले सापडतात, पण वाढीसाठी त्यांची गरज नसते. आजची मुख्य औषधं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज थोपवतात, त्या वर्तुळाला हात लावत नाहीत. म्हणून औषध बंद केलं की विषाणू परत डोकं काढू शकतो.

जुळणी आणि सुटका थोडक्यात. इन्फ्लुएन्झाच्या आठ तुकड्यांपैकी प्रत्येकाचा एकेक घ्यावा लागतो. एकाच पेशीत दोन वाण शिरले तर तुकड्यांच्या २५६ जोडण्या शक्य होतात. बाहेर पडताना न्युरामिनिडेज सायलिक आम्ल कापतं, नाहीतर नवे कण त्याच पेशीला चिकटून राहतात. ओसेल्टामिव्हिर तेच अडवतं. एचआयव्हीचा कण बाहेर पडला तरी कच्चाच असतो. आतल्या प्रोटिएजने गॅग प्रथिन कापल्यावरच तो शंकू तयार होतो.

---

पेट्रीडिश

हे सगळं नुसतं वाचून पुरत नाही. पदवीच्या प्रयोगशाळेत सुरक्षितपणे करता येण्यासारखा प्रयोग म्हणजे फाजचे प्लाक, म्हणजे जिवाणूंच्या गालिच्यात फाजमुळे पडणारे मोकळे ठिपके, मोजणं. टी४ आणि त्याला चालणारा ई. कोलायचा निरुपद्रवी वाण.

पातळ करायला एसएम बफर: लिटरमागे मीठ ५.८ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट २ ग्रॅम, १ मोलर ट्रिस पीएच ७.५ चं ५० मिली. हवं तर २ टक्के जिलेटिन ५ मिली. नळ्यांत प्रत्येकी ०.९ मिली बफर, पहिलीत ०.१ मिली फाज, ढवळायचं, टिप बदलायची, पुढच्या नळीत ०.१ मिली. टिप बदलली नाही तर आधीच्या नळीतला दाट फाज पुढे पुढे जात राहतो आणि खालच्या नळ्यांत दहापट उतरणच मिळत नाही.

ताटलीत खालचा आगार १.५ टक्के, साधारण २० मिली, आदल्या दिवशी ओतून वाळवलेला. वरचा आगार ०.६ टक्के, ३ ते ४ मिलीच्या नळ्या ४५ ते ४८ अंशांवर. यजमान जिवाणू वाढीच्या ऐन भरातले, ६०० नॅनोमीटरला ओडी (गढूळपणाचं माप) ०.४ ते ०.६. जिवाणू ०.२ ते ०.३ मिली, फाज ०.१ मिली, ५ ते १० मिनिटं चिकटू द्यायचं, वरच्या आगारात घालून हलक्या हाताने फिरवायचं, लगेच ओतायचं. दहा-पंधरा मिनिटं सपाट जागी ठेवायचं. मग उलटी करून ३७ अंशांवर. टी४ चे प्लाक काही तासांत दिसू लागतात, मोजणी दुसऱ्या दिवशी केली तरी चालते.

बरोबर दोन ताटल्या हव्यातच: नुसते जिवाणू, आणि नुसता फाज. पहिलीत प्लाक दिसले तर यजमानातच फाज घुसलाय, सगळं फेकून नवी सुरुवात. दुसरीत वसाहती उगवल्या तर फाजच्या साठ्यात जिवाणू आहेत, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून काढा.

३० ते ३०० प्लाक असलेली ताटली मोजायची. समजा दहा लाख पट पातळ केलेल्या नळीतला ०.१ मिली घेतला आणि ८४ प्लाक आले. ८४ × १० × १०,००,००० = ८४ कोटी पीएफयू (प्लाक पाडणारे कण) प्रति मिली. अर्धी मुलं ०.१ मिलीचा दहाने गुणाकार विसरतात.

बिघाड कुठे होतो:

वरचा आगार ५० अंशांच्या बराच वर असेल तर जिवाणू मरतात, गालिचाच उगवत नाही. ४२ च्या खाली गेला तर ओततानाच गुठळ्या. ताटली ओली असेल तर प्लाक ओघळून एकमेकांत मिसळतात. मिश्रण अर्धा तास तसंच राहिलं तर आकडा फुगतो, कारण टी४ ची फेरी ३७ अंशांवर सुमारे २५ मिनिटांची. पहिल्या पेशी नळीतच फुटतात आणि एकेका पेशीतून शंभर-दोनशे नवे कण सुटतात. हे सगळ्यात फसवं, कारण ताटली अगदी सुरेख दिसते.

प्लाक गढूळ दिसले तर लगेच चूक समजू नका. लॅम्ब्डा या फाजचे प्लाक मध्ये गढूळच असतात, तिथे लायसोजेन झालेले (फाजचा डीएनए आत बाळगून जगणारे) जिवाणू वाचून वाढतात. एम१३ हा फाज तर पेशी फोडतच नाही, फक्त वाढ मंदावतो. शिवाय त्याला एफ पायलस (जिवाणूवरचा केसासारखा तंतू) असलेला यजमान लागतो. लॅम्ब्डाचा आकडा कमी येत असेल तर यजमान ०.२ टक्के माल्टोज आणि मॅग्नेशियम घालून, ग्लुकोजशिवाय वाढवा. त्याचा रिसेप्टर हे माल्टोज आत घेणारं प्रथिन आहे आणि ग्लुकोज असलं की ते बनत नाही.

साठ्यातले उरलेसुरले जिवाणू मारायला क्लोरोफॉर्म टी४ ला चालतो. पण मेद असलेल्या पीआरडी१ किंवा फाय६ सारख्या फाजांना नाही, आणि एम१३ लाही नाही.

---

चष्मिष

पीसीआरमध्ये जीनोमच्या प्रती मोजल्या आणि प्लाकही मोजले तर आकडे जुळायला हवेत का? आणि एका पेशीमागे एक विषाणू दिला तर सगळ्या पेशी संसर्गित होतील ना?

---

पेट्रीडिश

दोन्हींचं उत्तर नाही.

पीसीआर जीनोमचा तुकडा मोजतो, तो जिवंत कणातला आहे की मोडक्या, हे त्याला कळत नाही. टी४ मध्ये कण आणि प्लाक यांचं प्रमाण एकाच्या जवळ येतं. पोलिओत एका प्लाकमागे तीस ते हजार कण लागू शकतात, कांजिण्यांच्या विषाणूत चाळीस हजारांपर्यंत. काही कण सदोष असतात, काही चांगले असून वाटेत कुठेतरी अडकतात. म्हणून क्लोरीनने किती विषाणू निकामी झाले हे पीसीआरने तपासू नका. कवच मोडलं तरी आरएनएचा तुकडा शाबूत राहू शकतो आणि आकडा तसाच दिसतो.

दुसरं. कण पेशींवर सारखे वाटले जात नाहीत, कुठे तीन पडतात, कुठे एकही नाही. पॉइसनच्या नियमाने पेशीमागे सरासरी १ दिला तर ३७ टक्के पेशी कोऱ्या राहतात. ३ दिले तर ५ टक्के, ५ दिले तर ०.७ टक्का. एकाच फेरीची वाढ मोजायची असेल तर ५ ते १० द्या. उलट साठा वाढवायचा असेल तर ०.०१ च्या आसपास ठेवा. जास्त दिलं की जीनोमचे तुकडे गळलेले सदोष कण चांगल्या कणांबरोबर एकाच पेशीत शिरतात, त्यांच्या पॉलिमरेजवर जगतात, आखूड असल्यामुळे लवकर नकला काढतात आणि दोन-चार फेऱ्यांत टायटर (मिलीमागे संसर्गक्षम कणांची संख्या) कोसळतं.

---

षट्कोन

अशा परावलंबी जीनोमचा निसर्गातला नमुना म्हणून हिपॅटायटिस डी जोडतो. त्याचा जीनोम १,७०० बेसचा वर्तुळाकार आरएनए. स्वतःचं आवरणप्रथिन नाही, ते हिपॅटायटिस बीकडून घेतो, त्यामुळे बीची लस घेतलेल्याला डीही होत नाही. नकलांसाठी पेशीचंच आरएनए पॉलिमरेज वापरतो, ज्याचं एरवीचं काम डीएनए वाचणं आहे. आयसीटीव्हीने त्याच्यासाठी रायबोझायव्हिरिया हा निराळा रेल्म केला आहे.

---

रानजाई

हिपॅटायटिस डीमुळे "निगेटिव्ह आरएनएवाल्याने पॉलिमरेज आणावंच लागतं" या माझ्या वरच्या नियमालाही अपवाद मिळाला. पुढच्या भागात फाजचा लायसोजेनी-लायसिस निर्णय (पेशीत दडून राहायचं की ती फोडायची) घेऊया का? पेट्रीडिश, तो ठरवणारी लॅम्ब्डाची सीआय आणि क्रो ही प्रथिनं तुमच्याकडे.